थ्रीडी प्रिंटरवर ड्रोनची फ्रेम: ३ इंची क्वाड (चार मोटरींचा ड्रोन), पहिल्या रेघेपासून पहिल्या उड्डाणापर्यंत

कार्बन फायबरच्या तयार फ्रेमचं चित्र समोर ठेवायचं आणि तशीच्या तशी फ्रेम प्लास्टिकमध्ये छापायची, ही पहिल्या प्रयत्नातली ठरलेली चूक. मीही तीच केली होती. ४ मिमी जाडीचे, पट्टीसारखे चपटे आर्म (मधल्या भागापासून मोटरीपर्यंत जाणारे हात) छापले, मोटरी बसवल्या, आणि ड्रोन जमिनीवरून उठताक्षणी थरथरायला लागला. दोन मिनिटांत मोटरी हात लावता येणार नाही इतक्या तापल्या. आर्म कुठेही तुटला नव्हता की चिरला नव्हता. तो पुरेसा ताठ नव्हता, एवढंच.

मजबुती वेगळी आणि ताठपणा वेगळा, हे तेव्हा नीट कळलं. कार्बनची विणलेली पट्टी पीईटीजी प्लास्टिकपेक्षा पंचवीसेक पट किंवा त्याहून जास्त ताठ असते. ही तफावत फिलामेंट (प्रिंटरला लागणारी प्लास्टिकची तार) बदलून भरून निघत नाही. ती आकाराने भरून काढावी लागते, आणि हवा तो आकार देणं हेच तर प्रिंटरचं बळ. म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा आर्मला दिली आहे.

आकार आणि मापं

पहिल्या फ्रेमसाठी ३ इंची प्रोपेलर घ्या. ५ इंची ड्रोन जास्त दमदार वाटतो, पण त्याचा आर्म लांब असतो आणि टोकाला बसणारी २२०७ मोटर लहान १४०४ मोटरच्या तिपटीहून जड असते (या आकड्यांत आधी मोटरच्या आतल्या गाभ्याचा व्यास, मग उंची, मिमीमध्ये). आर्मची लांबी दुप्पट केली की तो आठपट लवचिक होतो. प्लास्टिकला लहान फ्रेम मानवते. शिवाय लहान प्रॉपने होणारी इजाही कमी असते, आणि पहिल्या काही दिवसांत ड्रोन कुठे ना कुठे आपटणारच.

फ्रेमचं माप म्हणजे तिरप्या रेषेत समोरासमोर असलेल्या दोन मोटरींच्या मध्यबिंदूंमधलं अंतर. आपण ते १५० मिमी धरू. म्हणजे केंद्रापासून प्रत्येक मोटर ७५ मिमीवर. चारही आर्म काटकोनात असतील तर शेजारच्या दोन मोटरींमधलं अंतर १५० भागिले १.४१४, म्हणजे १०६ मिमी येतं. ३ इंची प्रॉपचा व्यास ७६ मिमी. १०६ मधून ७६ गेले की दोन प्रॉपच्या टोकांमध्ये ३० मिमीची गल्ली उरते. हा आकडा लक्षात ठेवा. वरची प्लेट, बॅटरीचा पट्टा, कॅमेऱ्याचा कंस, अँटेनाची तार, प्रॉपच्या पातळीजवळ येणारं सगळं याच गल्लीत मावलं पाहिजे. मी वरच्या प्लेटची रुंदी २६ मिमीच्या पुढे नेत नाही.

वजनाचा अंदाज आधीच मांडून ठेवा. फ्रेम ५० ग्रॅम, चार मोटरी ३६, उड्डाणाचा बोर्ड (ड्रोन सांभाळणारं सर्किट) १०, कॅमेरा आणि व्हिडिओ ट्रान्समीटर २०, प्रॉप, रिसीव्हर, तारा आणि स्क्रू मिळून १८ आणि ६५० एमएएचची ४एस (चार सेलची) बॅटरी ७५. बेरीज २१० ग्रॅमच्या आसपास जाते. अनेक देशांच्या नियमांत २५० ग्रॅम ही महत्त्वाची सीमा आहे. तुम्ही जिथे उडवणार तिथले नियम डिझाइन सुरू करण्याआधी वाचा, कारण नंतर वजन घटवणं फार जिकिरीचं होतं.

आर्म

चौकोनी छेदाच्या तुळईचा ताठपणा रुंदीच्या प्रमाणात वाढतो, पण उंचीच्या घनाच्या प्रमाणात. ८ मिमी उंच आर्म १० मिमी केला तर वजन पावपट वाढतं आणि ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो. रुंदी वाढवून हा फायदा मिळत नाही. उलट रुंद आर्म प्रॉपखालची हवा अडवतो आणि उचल खातो. तेव्हा छापलेला आर्म कार्बनच्या पट्टीपेक्षा उंच आणि अरुंद हवा, तिच्यासारखा चपटा नको.

आपल्या फ्रेममध्ये आर्मचा मोकळा भाग, म्हणजे प्लेटच्या कडेपासून मोटरच्या मध्यापर्यंतचा, ४५ मिमी आहे. रुंदी १० मिमी, उंची ८ मिमी. टोकाला मोटर आणि प्रॉप मिळून सुमारे १२ ग्रॅम. हे आकडे साध्या सूत्रात घातले तर आर्मची स्वतःची कंपनवारंवारता (तो सेकंदाला किती वेळा थरथरतो) सुमारे २३० हर्ट्झ येते. माझ्या त्या पहिल्या ४ मिमीच्या पट्टीसारखा आर्म इथे घातला तर ती ८० हर्ट्झच्या आसपास घसरते. आकडे ढोबळ आहेत, पण फरक खरा आहे. ड्रोनच्या खऱ्या हालचाली साधारण १०० हर्ट्झच्या आत असतात. आर्मची थरथरही त्याच पट्ट्यात आली, तर जायरोला (बोर्डवरच्या फिरणं मोजणाऱ्या सेन्सरला) हालचाल कोणती आणि कंप कोणता हे वेगळं करता येत नाही. बोर्ड प्रत्येक कंपाला उत्तर देत राहतो, मोटरी सेकंदाला शेकडो वेळा वेग बदलतात आणि तापतात. कंप २०० हर्ट्झच्या वर असला की फिल्टर तो सहज गाळतो.

आता मजबुती. आर्मच्या टोकाला १ किलो वजन टांगलं, जे एका मोटरच्या पूर्ण जोरापेक्षा कितीतरी जास्त आहे, तरी मुळाशी येणारा ताण ४ मेगापास्कलच्या आसपास असतो. पीईटीजी ४० ते ५० पर्यंत सोसतं. उड्डाणातला भार आर्मला मोडत नाही. मोडतं ते आदळणं. म्हणून आर्म अभंग करण्याच्या मागे लागू नका. तो कुठे मोडावा हे आपण ठरवायचं आणि मोडलेला तुकडा दहा मिनिटांत बदलता येईल अशी जोडणी करायची. चारही आर्म एकाच तुकड्यात असलेली फ्रेम दिसायला सुबक आणि थोडी हलकीही असते, तरी मी ती सुचवत नाही. एक आर्म मोडला की सगळी फ्रेम टाकून द्यावी लागते.

मुळाशी आर्म १४ मिमी रुंद ठेवा आणि प्लेटमधून बाहेर पडल्यावर पुढच्या १० मिमीत हळूहळू १० मिमीवर आणा. तिथे काटकोनी कोपरा ठेवलात तर तडा बरोबर त्याच कोपऱ्यातून जाईल. केंद्रापासून १३ आणि २५ मिमीवर एम३ (३ मिमी व्यासाच्या) स्क्रूची दोन भोकं. एकाच स्क्रूवर आर्म पुढेमागे फिरतो, म्हणून दोन हवेतच. आर्मची सुरुवात केंद्रापासून ८ मिमीवर केली की चारही आर्म एकमेकांना न टेकता बसतात.

मोटरची बैठक

इथे एक माप हमखास फसवतं. बोर्डच्या बाबतीत २५.५ × २५.५ म्हणजे चौकोनाची बाजू. मोटरच्या बाबतीत ९ × ९ किंवा १२ × १२ म्हणजे समोरासमोरच्या भोकांमधलं अंतर, म्हणजेच भोकांच्या वर्तुळाचा व्यास. मोटरचं माप चौकोनाची बाजू समजून भोकं काढली तर एकही स्क्रू बसणार नाही. १४०४ मोटरींमध्ये ९ मिमीची रचना पुष्कळदा दिसते, पण सगळ्यांत नाही. मोटर हातात आल्यावर व्हर्नियर कॅलिपरने मोजूनच रेघ मारा.

बैठक २२ मिमी व्यासाची, ३ मिमी जाडीची चकती. मधलं भोक ५ मिमी, मोटरच्या दांड्याखालच्या क्लिपसाठी. स्क्रूची भोकं एम२ साठी २.२ मिमी. चकतीचा वरचा पृष्ठभाग आणि आर्मचा वरचा पृष्ठभाग एकाच पातळीत ठेवा. चकतीच्या कडेने खालच्या बाजूला २ मिमी जाडीची भिंत आर्मच्या पूर्ण उंचीइतकी उतरू द्या, म्हणजे खालून उपड्या वाटीसारखा खळगा तयार होतो. ही भिंत दोन कामं करते: बैठकीला ताठ ठेवते आणि स्क्रूची डोकी आत झाकते.

सगळे वरचे पृष्ठभाग एका पातळीत असल्यामुळे आर्म उलटा करून, वरची बाजू बेडवर (प्रिंटरच्या तळपाटीवर) ठेवून छापता येतो. आधार लागत नाही. मोटर ज्या पृष्ठभागावर बसते तो थेट बेडवर छापला जातो, म्हणजे काचेसारखा सपाट येतो. चारही मोटरींचे आस समांतर राहण्यासाठी याहून सोपा उपाय मला सापडलेला नाही.

प्लेटा आणि बोर्ड

आर्म दोन प्लेटांमध्ये दाबून धरायचे. दोन्ही ३ मिमी जाडीच्या, कर्णाच्या दिशेने केंद्रापासून ३० मिमीपर्यंत पोहोचणाऱ्या. प्लेटच्या आतल्या बाजूला आर्मच्या दोन्ही कडांना टेकणाऱ्या १ मिमी उंचीच्या पट्ट्या काढा. आडवा धक्का बसला की तो एकट्या स्क्रूंवर येत नाही. पट्टी आणि आर्म यांच्यात प्रत्येक बाजूला ०.१५ मिमी मोकळीक पुरते. ३ अधिक ८ अधिक ३ मिळून १४ मिमी झाले, वर नायलॉनच्या कड्याचा नट ४ मिमीचा, म्हणून स्क्रू १८ किंवा २० मिमी लांबीचे. डोक्याखाली आणि नटाखाली वॉशर घाला. प्लास्टिक सततच्या दाबाखाली सावकाश बसत जातं आणि वॉशर नसेल तर हे लवकर होतं.

२५.५ मिमीचा एकत्रित बोर्ड, ज्यात मोटरींचे नियंत्रकही असतात, ४५ अंशांत फिरवून हिऱ्यासारखा बसवा. मग त्याची भोकं पुढे, मागे, डावीकडे आणि उजवीकडे केंद्रापासून १८ मिमीवर येतात. आर्म कर्णांवर आहेत, त्यामुळे त्यांचे स्क्रू आणि बोर्डचे स्क्रू एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. असे बरेच बोर्ड कोपरा पुढे करून बसवण्यासाठीच बनवलेले असतात. बोर्डवरचा बाण पाहा. बाण बाजूकडे काटकोनात असेल तर सॉफ्टवेअरमध्ये ४५ अंशांची दुरुस्ती द्यावी लागते. यूएसबीची वायर आत जायला मोकळी वाट ठेवा. तिची आठवण बहुधा सगळं जोडून झाल्यावर येते.

बोर्ड कधीही थेट प्लेटवर आवळू नका. त्याच्या भोकांत रबरी बुशी घाला आणि नट रबर जेमतेम टेकेल इतकाच फिरवा. रबर चपटं झालं की ते असून नसल्यासारखं.

वरची प्लेट २२ मिमी उंचीच्या अॅल्युमिनियमच्या खांबांवर. बॅटरी तिच्यावर, पट्ट्याने. पट्ट्याच्या खाचांना प्लेटच्या कडेपासून निदान ४ मिमी मांस ठेवा. कॅमेऱ्याचा कंस आणि अँटेनाचा धारक टीपीयूमध्ये (रबरासारख्या लवचिक प्लास्टिकमध्ये) छापा. आपटल्यावर तो वाकतो आणि परत सरळ होतो. प्लास्टिकच्या फ्रेमचा एक फायदा इथे मिळतो: कार्बन वीज वाहतो आणि रेडिओ लहरी अडवतो, प्लास्टिक यातलं काहीच करत नाही. अँटेना ठेवायला जास्त जागा मिळतात आणि एखादी तार सोलली तरी फ्रेममधून शॉर्ट होत नाही.

मॉडेल तयार करताना

फ्रीकॅड, फ्यूजन, ओपनएससीएडी, मॉडेल काढायचं कुठलंही सॉफ्टवेअर चालेल. महत्त्वाचं हे की मापांना नावं द्या. आर्मची उंची, रुंदी, मोटरच्या भोकांचा व्यास, स्क्रूच्या भोकाची मोकळीक ही सगळी एका तक्त्यात ठेवा आणि रेखाटनात आकडा थेट लिहू नका. पहिल्या आपटीनंतर उंची ८ ची ९ करावीशी वाटेल, तेव्हा एक आकडा बदलला की सगळी फ्रेम बदलली पाहिजे. एकच आर्म काढा आणि चार वेळा छापा. डावे-उजवे वेगळे ठेवलेत तर सुटे आर्मही दोन प्रकारचे जवळ बाळगावे लागतील.

फिलामेंट

पीएलए ताठ आहे, सोपं आहे आणि मोहात पाडणारं आहे. पण ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडायला लागतं, आणि दमदार उड्डाणानंतर मोटरचा तळ तितका सहज तापतो. बंद गाडीत उन्हात राहिलेली पीएलएची फ्रेम वाकडी होऊन बाहेर येते. मापं तपासायच्या चाचणी छपाईसाठी पीएलए उत्तम. उडणाऱ्या फ्रेमसाठी पीईटीजी घ्या. ते ८० अंशांच्या आसपासपर्यंत टिकतं आणि तुटण्याआधी थोडं ताणलं जातं. कार्बनचे तंतू मिसळलेलं नायलॉन याहून ताठ असतं, पण त्याला कडक धातूचं नोझल (वितळलेलं प्लास्टिक जिथून बाहेर पडतं ते टोक) आणि पूर्ण कोरडं फिलामेंट लागतं. पहिली फ्रेम उडाल्यावर तिकडे वळा.

पीईटीजीही ओलावा धरतं. छापताना नोझलमधून चटचट आवाज आला किंवा धाग्यांची जाळी दिसली तर रीळ ६५ अंशांवर पाच-सहा तास वाळवा. ओल्या फिलामेंटचे थर एकमेकांना नीट चिकटत नाहीत, आणि आपली सगळी मदार तर थरांवरच आहे.

छपाई

आधी फक्त मोटरची चकती आणि बोर्डच्या चार भोकांची चौकट, दोन्ही एकेक मिलिमीटर जाडीची छापा. पंधरा-वीस मिनिटांत कळतं की स्क्रू जातात की नाही. छापलेली भोकं काढलेल्या मापापेक्षा थोडी लहान येतात, आणि किती लहान हे प्रत्येक प्रिंटरचं वेगळं असतं. बेडला टेकणारा पहिला थर किंचित पसरतो, म्हणून त्या बाजूच्या भोकांच्या कडा ०.४ मिमी तिरप्या कापा.

आर्म आडवाच छापायचा. उभा छापला तर थर आर्मला आडवे जातात आणि पहिल्याच आपटीत तो बिस्किटासारखा तुटतो. थराची उंची ०.२ मिमी, ०.४ मिमीचं नोझल, ६ भिंती (बाहेरच्या कडेने छापल्या जाणाऱ्या रेघा), वर-खाली प्रत्येकी ८ भरीव थर. या आकड्यांमुळे ३ मिमीची चकती आणि प्लेटा आपोआप पूर्ण भरीव होतात. आर्मच्या गाभ्यात ४० टक्के जायरॉइड इन्फिल (आतली लाटांसारखी जाळीदार भरण) पुरेसं आहे. वजन खर्च करायचंच असेल तर भिंतींवर करा, कारण वाकण्याला विरोध बाहेरचा भाग करतो, मधला नाही.

पीईटीजीसाठी नोझल २४० अंश, बेड ७५ ते ८०, पंखा ३० ते ५० टक्के. पंखा पूर्ण सोडला तर पृष्ठभाग देखणा येतो आणि थर कच्चे राहतात. काचेचा बेड असेल तर गोंदाचा पातळ थर द्या. पीईटीजी काचेला इतकं चिकटतं की काढताना काचेचा टवका निघू शकतो. पाच-सहा आर्म एकदमच छापून ठेवा.

उडण्याआधीची तपासणी

चार आर्म वजनकाट्यावर ठेवा. एखादा अर्ध्या ग्रॅमहून जास्त हलका निघाला तर छपाई मध्ये कुठेतरी उपाशी राहिली आहे. तो बाजूला काढा. मग फ्रेम जोडा, मधला भाग टेबलाच्या कडेला शिकंज्यात पकडा आणि आर्मच्या टोकाला १ किलो वजन टांगा. टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास खाली गेलं पाहिजे. १ मिमीहून जास्त गेलं, तर बहुतेक वेळा दोष आर्मचा नसून सैल जोडणीचा असतो. आधी स्क्रू तपासा.

बोटाने टिचकी मारूनही पाहा. चारही आर्मचा आवाज सारखा आला पाहिजे. एखादा बद्द वाजला तर तिथे काहीतरी ढिलं आहे किंवा आत तडा आहे.

जोडणी

मोटरचे स्क्रू एम२ × ५ मिमी: ३ मिमी चकतीत आणि २ मिमी मोटरमध्ये. इथे १ मिमीची चूकही महागात पडते. लांब स्क्रू मोटरच्या तांब्याच्या वेटोळ्यांना टेकला की मोटर आणि नियंत्रक दोन्ही जळू शकतात. स्क्रू बसवल्यावर वरून उजेडात डोकावून खात्री करा. स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून निळं थ्रेडलॉक वापरायचं असेल तर अगदी थेंबभर, मोटरच्या आट्यांत. ते प्लास्टिकवर ओघळू देऊ नका, काही प्लास्टिकांना त्याने बारीक चिरा पडतात.

तारा आर्मच्या वरून चिकटपट्टीने बांधा. त्यांच्यासाठी आर्ममध्ये खाच कोरू नका. वरचा पृष्ठभाग कापणं म्हणजे कमावलेला ताठपणा घालवणं. बॅटरीच्या तारेजवळ कपॅसिटर डाखा. पहिल्यांदा बॅटरी जोडताना विद्युतप्रवाह मर्यादित ठेवणारा स्मोक स्टॉपर मध्ये लावा.

प्रॉप अजून लावायचे नाहीत. बीटाफ्लाइटमध्ये (बोर्डवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) मोटरींचा क्रम वरून पाहताना असा: १ मागे उजवीकडे, २ पुढे उजवीकडे, ३ मागे डावीकडे, ४ पुढे डावीकडे. मूळ रचनेत १ आणि ४ घड्याळाच्या दिशेने, २ आणि ३ उलट. एकेक मोटर फिरवून ताडून पाहा. ड्रोन हातात घेऊन पुढे झुकवा, पडद्यावरचं चित्रही पुढेच झुकलं पाहिजे. बॅटरी पुढेमागे सरकवून तोल मोटरींच्या कर्णांच्या छेदावर आणा. दोन बोटांवर फ्रेम उचलून हे कळतं.

पहिलं उड्डाण

मोकळी जागा, आसपास माणसं नाहीत, डोळ्यांवर संरक्षक चष्मा. डोक्याइतक्या उंचीवर तीस सेकंद स्थिर ठेवा, उतरवा, बॅटरी काढा आणि प्रत्येक मोटरला हात लावा. कोमट असल्या तर पुढे जा. एकच तापली असेल तर त्या आर्मचे स्क्रू, प्रॉप आणि मोटर पाहा. चारही तापल्या असतील तर कंप जायरोपर्यंत पोहोचतो आहे. बोर्डखालची रबरं फार आवळली नाहीत ना ते आधी तपासा, मग मोटरींच्या फेऱ्यांवर चालणारा आरपीएम फिल्टर सुरू आहे का ते. फिल्टर आणखी घट्ट करत बसण्यापेक्षा आर्म १ मिमी उंच करून पुन्हा छापणं केव्हाही चांगलं.

पहिल्या पाच बॅटऱ्यांनंतर सगळे एम३ स्क्रू पुन्हा आवळा. प्लास्टिक तोवर बसलेलं असतं आणि प्रत्येक स्क्रू पाव फेरी तरी घेतो.

आर्म मोडेल तेव्हा तुकडा फेकू नका. तुटलेली कड नीट पाहा. दोन थरांमधून गुळगुळीत सुटला असेल तर नोझल थंड होतं किंवा फिलामेंट ओलं होतं. कड पांढुरकी, ताणलेली दिसत असेल तर छपाई चांगली होती आणि धक्काच मोठा होता. भोकातून तुटला असेल तर भोकाभोवती १ मिमी मांस वाढवा. आर्म शाबूत राहून प्लेट फुटली असेल तर आर्म गरजेपेक्षा मजबूत झाला आहे. मोकळ्या भागाच्या भिंती ६ वरून ५ करा, म्हणजे पुढच्या वेळी तोच आधी जाईल आणि बोर्ड वाचेल. प्रत्येक बदलानंतर आर्मच्या बाजूवर आवृत्तीचा क्रमांक अर्धा मिलिमीटर खोल कोरा. माझ्या डब्यात सध्या सात आणि आठ क्रमांकाचे आर्म आहेत, आणि आपटीनंतर कुठला लावायचा ते अंक बघूनच ठरतं.